एक कॉट आढळली नाही

सलीमभियांचा फोन आला तेव्हा मी राऊ गावातल्या कॉलेजात ॲडमिशनच्या खिडकीवर कामाला बसले होते. समोर रांग, कुणाचं मायग्रेशन सर्टिफिकेट नाही, कुणाच्या नावाचं स्पेलिंग दोन मार्कशीटवर दोन तऱ्हेचं. सलीमभिया लोडिंग रिक्षा चालवतात आणि कामाशिवाय फोन करत नाहीत, म्हणून उचलला. "दीदी, ताई गई," एवढंच म्हणाले. मग, "सुबह चाय पी के गई. गिलास अभी वहीं रखा है..." मी खिडकी बंद केली. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, लंच तो हुआ नहीं अभी!" त्याचं बरोबर होतं, तरी मी त्याच्यावर खेकसले. गेला दीड महिना मी अशीच सगळ्यांवर खेकसते आहे. लोक म्हणतात, दुःख असं बाहेर पडतं. असेल. पण मला विचाराल तर यात निम्मं दुःख आहे आणि निम्मा खराखुरा संताप, आणि तो कुणावर आहे हे मला नीट ठाऊक आहे. थोडा सरकारी खात्यावर, थोडा कंपन्यांच्या समाजसेवेच्या विभागांवर, थोडा माझ्यावर, आणि बराचसा खुद्द प्रभाताईंवर.

प्रभाताईंना परदेशीपुऱ्याबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा सांगायला हवं. बंद पडलेल्या मिलच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घराची पुढची खोली त्यांनी आजाऱ्यांच्या सामानासाठी दिलेली. वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी, पाठ वर करता येते ती दवाखान्यातली लोखंडी कॉट. ज्याला लागेल त्याने न्यायचं, गरज संपली की द्यायचं. भाडं नाही, डिपॉझिट नाही. अशी केंद्रं गावोगाव असतात, त्यात नवल नाही. नवल हे होतं की प्रभाताईंच्या खोलीत कधीच काही नसायचं. दाराशी एक स्टीलचं स्टूल, त्यावर ताई, मांडीवर वही आणि हातात फोन. बाकी नुसती फरशी. कारण सामान परत खोलीत आणायचंच नाही, हा त्यांचा नियम. एका घरातलं काम संपलं की ताई फोनवर पुढचं घर सांगत, आणि वापरणाऱ्यानेच ते धुऊनपुसून तिकडे पोचवायचं. जमत नसेल तर सलीमभिया. "खोलीत सामान दिसलं म्हणजे कुठेतरी कोणी जमिनीवर पडलेलं आहे, असं समजायचं," असं त्या म्हणत.

हे खूळ कुठून आलं तेही त्यांनीच एकदा सांगितलं. ताई एका मोठ्या दवाखान्यात स्टोअरकीपर होत्या. तीस वर्षं कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एका वर्षी स्टोअरमध्ये नव्याकोऱ्या चाकाच्या खुर्च्या आल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. इश्यूच्या कागदावर ज्या साहेबाची सही लागायची, त्याची बदली झालेली आणि जागेवर दुसरा आलेला नाही. बाहेर व्हरांड्यात माणसं आपापल्या आईला पाठीवर घेऊन एक्स-रेकडे जात होती, आणि आत खुर्च्या. सहा महिने. "ऑडिटवाले आले, त्यांनी मोजल्या, एकही कमी नाही म्हणून मला शाबासकी दिली," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही." रिटायर झाल्यावर त्यांनी खोली उघडली, आणि दाराला कडी ठेवली पण कुलूप कधी लावलं नाही.

माझी त्यांची ओळख बाबांच्या खुब्यामुळे. बाबा मिलमध्ये होते, फोल्डिंग खात्यात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम., आणि तेही रेग्युलर, घरी बसून परीक्षा देतात ते प्रायव्हेट नव्हे. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते, कारण त्यासाठी काय काय विकलं गेलं ते मला माहीत आहे. बाबा बाथरूममध्ये घसरले, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले कॉट पाहिजे. मी ताईंकडे गेले ती फाईल घेऊन. आधार, रेशनकार्ड, डिस्चार्ज पेपर, सगळ्याच्या झेरॉक्स, सेल्फ अटेस्टेड. ताईंनी फाईल हातात घेतलीच नाही.

"पाय मोडलाय का?"

"खुबा. पण हे कागद बघा ना..."

"मी बघून काय करू? मोडलाय म्हणतेस, तर मोडला असेल. खोटं बोलून कमोडची खुर्ची कोण घरी नेईल गं?"

चार महिन्यांनी बाबा काठीवर चालायला लागले. मी कॉट घासूनपुसून, गादीला नवा अभ्रा घालून, मोठ्या रुबाबात खोलीवर परत आणली. वाटलं, कौतुक होईल. ताई स्टुलावरून उठल्या आणि रस्त्यातच सुरू झाल्या. "इथे कशाला आणलीस? शिकलेली ना तू? नंदानगरात एक माणूस सतरंजीवर पडलाय आणि ही इथे अभ्रे घालून मिरवतेय!" सलीमभिया रिक्षातूनच हसले, "दीदी, यहाँ सामान लाओ तो डाँट पड़ती है. मेरे को भी पड़ी थी." मी तशीच कॉटबरोबर रिक्षात बसले आणि नंदानगरात गेले. तेव्हापासून मी त्यांची झाले. नाव विचारलं होतं त्यांनी, पण हाक मारायच्या 'बी.कॉम.' अशीच. "ए बी.कॉम., हे इंग्रजी वाच बरं."

आणि मग मी वाचायला लागले, हीच माझी चूक म्हणा. संस्था रजिस्टर करू, ग्रँट मिळवू, ही कल्पना माझी. ताईंची पेन्शन आणि गल्लीतल्यांची मदत यांवर किती दिवस रेटणार? मला वाटलं, आपण शिकलोय कशासाठी? फॉर्म भरणं हे तर माझं रोजचं काम. मी रविवार रविवार बसून फॉर्म भरले. आणि तेव्हा कळलं की या देशात भलं काम करणं सोपं आहे, पण ते फॉर्मात बसवणं फार अवघड. एका कंपनीला 'नावीन्यपूर्ण' प्रकल्प पाहिजे होता. मी लिहिलं, माणसं पडतात, त्यांना कॉट लागते. उत्तर आलं, यात नवीन काय? आता माणसांनी काय नव्या पद्धतीने पडायचं? दुसरीकडे नव्या खुर्च्यांसाठी मदत होती, पण जुन्या खुर्चीच्या टायरसाठी नव्हती. दुरुस्ती 'मान्य शीर्षात' येत नाही म्हणे. सलीमभियांच्या डिझेलचंही तेच. खुर्ची द्या, पण ती उडत जाऊ द्या. तिसऱ्यांनी फोटो मागितले. लाभार्थी वस्तू वापरत असताना, चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. मी ताईंना वाचून दाखवलं. "कमोडच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा? चेहऱ्यासकट?" मी म्हटलं, हो, असंच लिहिलंय. "त्यांना लिही, आधी तुमच्या साहेबांचा पाठवा. नमुना म्हणून."

शेवटी सरकारी खात्याच्या योजनेत आमचा अर्ज बसला आणि तपासणीला साहेब आले. ताईंनी पोहे-शेव-जिलेबी मागवली. साहेबांनी खोलीत पाऊल टाकलं, चारी भिंती बघितल्या, आणि म्हणाले, "सामान?"

"लोकांकडे," ताई म्हणाल्या.

"वो ठीक है. यहाँ क्या है?"

"यहाँ मैं हूँ."

साहेब हसले नाहीत. ताई चपला घालून उभ्या राहिल्या. "चलो, घर घर दिखाती हूँ. पैदल का रस्ता है." साहेब म्हणाले, त्यांचं काम रजिस्टर्ड पत्त्यापुरतं आहे. ताईंनी वही पुढे केली, कुठली वस्तू आज कुठल्या घरी, सगळं ओळीने. साहेबांनी वही उघडली नाही. पोहे मात्र खाल्ले. महिन्याभराने कागद आला, 'कक्ष रिक्त पाया गया. संस्था कार्यरत प्रतीत नहीं होती.' खोली रिकामी, म्हणून काम बंद. ताईंनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "अगं, मी स्टोअर भरून ठेवलं तेव्हा शाबासकी, आणि रिकामं केलं तर हे?" एवढं बोलून त्या पुढच्या फोनला लागल्या.

पुढचं मला लिहायला नको वाटतं, पण लिहिल्याशिवाय हा लेख खोटा होईल. पुढच्या वर्षी परत तपासणी लागली आणि मी ताईंना पटवलं. एका दिवसाचा प्रश्न आहे ताई, सगळं सामान गोळा करू, साहेब बघतील, संध्याकाळी परत पोचवू. ग्रँट आली की नव्या हवेच्या गाद्या येतील. दहा घरांचं भलं होईल. ताई नाही म्हणत होत्या. मी माझं सगळं शिक्षण पणाला लावलं. मोठ्या शब्दांत बोलले. शेवटी त्या म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, तुला जास्त कळतं." हे त्या टोमण्याने नाही, खरंच म्हणाल्या. सलीमभियांनी सकाळपासून सामान आणलं. गायकवाडकाकांची कॉटही आणली. काका पोस्टात होते, अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. काकूंनी जमिनीवर गाद्या घातल्या, मीच हात दिला त्यांना उतरवायला. खोली भरली. त्या दिवशी साहेब आलेच नाहीत, मीटिंग लागली. दुसऱ्या दिवशी येणार होते. आले चौथ्या दिवशी. कॉट काकांकडे परत नेली आणि नेमके साहेब आले तर तपासणी हुकेल, म्हणून ती कॉट चार दिवस खोलीत उभी होती, आणि काका चार दिवस फरशीवर. जमिनीवरून एकटीच्याने त्यांना कुशीवर वळवणं काकूंना झेपलं नाही. पाठीला जखमा झाल्या.

ग्रँट आली. शेरा उत्तम होता. ताई त्यानंतर रोज सकाळी गायकवाडांकडे जायच्या, काकांच्या जखमा धुवायला. मी एकदा बरोबर गेले. काकू मला नुसतं म्हणाल्या, "एका दिवसाचं म्हणाला होतात हो तुम्ही." परत येताना ताईंनी रस्त्यात काही बोलू नये असं मला वाटत होतं, पण त्या बोलल्याच. "तीस वर्षं तेच केलं, आणि रिटायर होऊन परत तेच केलं बघ मी. साहेबासाठी सामान मोजून ठेवलं." मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त एवढं म्हणाल्या, "यापुढे खोली रिकामी दिसली तर दिसू दे. ग्रँट मिळो न मिळो." त्यावरून आमचं पुढे खूप वाजलं. मी म्हणायचे, नूतनीकरणाच्या तपासणीला काय दाखवाल? त्या म्हणायच्या, दार दाखवीन, कुलूप नाही ते. ग्रँट गेली तर गाद्या कुठून आणाल? त्यावर त्या वही उघडून पुढच्या घरी फोन लावायच्या. असा हट्टीपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

शेवटच्या महिन्यात त्यांचं हृदय थकलं होतं. आडवं झोपलं की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, पाठ वर राहील अशी कॉट लावा. आता बघा, सगळ्या परदेशीपुऱ्याला कॉटी पुरवणारी बाई! मी म्हटलं, आज आणते. त्यांनी उशाची वही उघडून दाखवली. "माझ्याआधी दोघं थांबलेत. तिसरा नंबर माझा." मी म्हटलं, ताई, हा तमाशा पुरे, मी कुणाची तरी मागून आणते. "कुणाची? गायकवाडांची?" त्या म्हणाल्या. मग दिवाणावर गादीखाली लाकडी खुर्ची उलटी घालून तिच्या पाठीवर त्यांना टेकवलं. आमची शेवटची भेट ती. खुर्चीची दांडी रुतत होती. मी उशी सरकवत होते आणि मनात त्यांना शिव्या देत होते. "बी.कॉम., तोंड का पाडलंस? बरी टेकलेय मी," असं म्हणाल्या. बऱ्या नव्हत्या. मला अजून राग येतो. एवढं काटेकोर असायची काही गरज नव्हती... निदान स्वतःच्या बाबतीत.

त्या गेल्या त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं होतं. पंधरवड्यात नूतनीकरणाची तपासणी. आणि त्याच वेळी एक अशी गोष्ट सुरू झाली जी ताईंच्या हयातीत कधी झाली नव्हती. लोक एकामागून एक सामान खोलीवर परत आणायला लागले. तिसऱ्या दिवशी एक वॉकर दाराशी. चौथ्या दिवशी दोन चाकाच्या खुर्च्या, एकीला झेंडूचा हार घातलेला. दहाव्यापर्यंत खोली भरली. मी एकाला विचारलं, तुमच्या वडिलांना आता लागत नाही का? तो म्हणाला, "लगती है. पर ताई गई ना. अमानत थी उनकी, लौटाना तो पड़ेगा." सगळ्यांना वाटलं, ताई गेल्या म्हणजे केंद्र बंद. कुणी सांगितलं नव्हतं. नुसता प्रामाणिकपणा. इतक्या प्रामाणिक लोकांसाठी खातं पडताळणी करतं, हे सलीमभियांनाही हसू येण्यासारखं वाटलं. म्हणाले, "दीदी, अब तो साहब खुश हो जाएगा. पूरा माल है." मग आपणच जीभ चावली.

अकराव्या दिवशी गायकवाडकाकू आल्या. हातगाडीवर कॉट. मी दारातच उभी राहिले.

"काकू, काका कुठे आहेत?"

"घरी. खाली गाद्या घातल्यात."

"मग ही का आणलीत?"

"मागच्या वेळी तुम्हाला न्यायला यावं लागलं होतं ना. म्हटलं, या वेळी आपणच पोचवू. तपासणी आहे असं कळलं."

काकूंच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्या मला मदत करत होत्या. तपासणी दोन दिवसांवर होती. सरकारी यादीत ती कॉट होती, नंबर घालून. मी काही महान विचार वगैरे केला नाही. एक क्षण तर मनात आलंच, दोनच दिवस... हे मी लपवत नाही. मग ताईंचं स्टूल दिसलं, दाराशी, भिंतीला टेकलेलं. मी हातगाडी फिरवली. सलीमभिया आले, आम्ही तिघांनी कॉट परत नेली आणि काकांना वर चढवलं. काका बोलू शकत नाहीत. डाव्या हाताने त्यांनी कॉटची दांडी धरली आणि सोडेनात.

दोन दिवसांनी साहेब आले. नवीन होते, तरुण, सभ्य. भरलेली खोली बघून प्रसन्न झाले. "बहुत व्यवस्थित है, मॅडम." फोटो काढले. ताईंच्या हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडले. मी म्हटलं, साहेब, हे सामान इथे आहे म्हणजे गेले दहा दिवस कुणाला काही मिळालेलं नाही, हेही लिहा. ते म्हणाले, "मॅडम, आप अपने ही ख़िलाफ़ क्यों लिखवा रही हैं?" मग यादी तपासायला लागले. एकेक वस्तूवर टिक. शेवटी पेन थांबलं. "एक कॉट कम है."

मी म्हटलं, "कम नहीं है. वही तो है."

त्यांना कळलं नाही. दोष त्यांचा नाही, त्यांच्या फॉर्मात तसा रकाना नाही. परवा कागद आला. बाकी सर्व सामान सुस्थितीत, परंतु एक कॉट आढळली नाही, पंधरा दिवसांत लेखी स्पष्टीकरण द्यावं, तोवर नूतनीकरण थांबवण्यात येत आहे. म्हणजे अख्ख्या यादीतली एकच वस्तू त्या दिवशी काम करत होती, आणि जाब तिचाच विचारला गेला.

तपासणीच्या त्याच दुपारी आम्ही सामान हलवायला सुरुवात केली होती. वही माझ्याकडे आहे. ज्यांनी आणून दिलं त्यांना आधी परत, मग थांबलेले. हार घातलेली खुर्ची सगळ्यांत शेवटी गेली, कारण हार काढायला कुणाचा हात होईना. शेवटी सलीमभियांनीच काढला, स्टुलावर ठेवला आणि खुर्ची रिक्षात चढवली.

स्पष्टीकरण मी आज सकाळी लिहिलं, त्याच स्टुलावर बसून, समोर नुसती फरशी. माझ्या सवयीप्रमाणे आधी इंग्रजीत दीड पान लिहिलं होतं. ते फाडलं. हिंदीत दोन ओळी लिहिल्या, की कॉट आढळली नाही कारण तिच्यावर माणूस आहे, पत्ता सोबत जोडला आहे, पायी रस्ता आहे. सोबत फोटो जोडायची सोय होती, म्हणून एक जोडला. रिकाम्या खोलीचा. दार उघडं आहे त्यात, आणि कडीला कुलूप नाही.

नूतनीकरण होईल का, माहीत नाही. सही करून कागद पाकिटात घालत होते तेवढ्यात फोन वाजला. महूहून कुणी बाई होत्या, सासऱ्यांसाठी वॉकर पाहिजे म्हणाल्या, आणि विचारायला लागल्या, कागद कुठले कुठले आणू?